सांगलीत समुद्र नाही, पण सहा रविवार आरमार चालवलं: एका दर्यासंघाच्या खेळाचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. घरात चार-पाच जण जमत असतील आणि त्यातल्या एकाला तरी वहीत हिशोब लिहायची खाज असेल तर हा बोर्ड गेम डोळे झाकून घ्या. नुसती जहाजं फोडायची असतील तर नका घेऊ, त्यासाठी मोबाईलवर फुकटात ढीगभर गेम पडलेत.

खेळाचं नाव मुद्दाम टाकत नाही. बनवणारी दोन पोरं आहेत, घरच्या घरी खोकी भरून विकतात, आणि मला खाली जरा तक्रारी पण करायच्यात, उगाच कुणाच्या पोटावर पाय नको. ज्यांना घ्यायचाय ते शोधतीलच. मला 2,150 रुपयाला पडला, वर कुरिअरचे 120.

खोकं उघडलं की पहिल्यांदा नकाशा निघतो, कापडाचा, कडा शिवलेल्या. त्यावर 19 बेटं, मधे एक मोठं बंदर, आणि उत्तरेला नुसता पांढरा पट्टा, ते धुकं. मग लाकडी जहाजं 48, म्हणजे खोक्यावर 48 लिहिलंय, आमच्या खोक्यात 47 निघाली, त्यावर येतोच. पितळी रंगाची नाणी, कार्डांचे तीन गठ्ठे, छोटे छोटे पिवळे दिवे (हे लक्षात ठेवा, खेळाची सगळी मजा या दिव्यांत आहे) आणि एक हिशोबाची वही. खरीखुरी वही, लाल कापडी पुठ्ठ्याची, आत जमा-खर्चाचे रकाने छापलेले. वही बघूनच माझा मित्र खूश झाला, तो मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. म्हणला, "हे बनवणारा माणूस आपल्यातला हाय."

गोष्ट अशी. या जगात पूर्वी राजे होते, त्यांचं आरमार होतं, मग राजे एकमेकांत लढून संपले आणि बेटं उरली. बेटावर शेती कमी, सगळं पोट समुद्रावर. मग नाखवे (जहाजाचे मालक), तांडेल (खलाशांचे मुकादम), खलाशी, सुतार, शीड शिवणारे सगळे एकत्र येऊन एक संघ काढतात, दर्यासंघ. या संघाचं स्वतःचं आरमार आहे. राजा नाही, सरदार नाही, संघाचे सभासदच पट्टी भरतात आणि त्यातनं आरमार पोसलं जातं. धुक्यातनं लुटारू येतात, त्यांच्यापासनं सभासदांची जहाजं राखायची. तुम्ही प्रत्येकजण एक नाखवा, तुमची स्वतःची 8 जहाजं, आणि त्याशिवाय संघात तुम्हाला एक पद. कोण अध्यक्ष, कोण खजिनदार, कोण सरतांडेल म्हणजे आरमाराचा मुख्य. दरवर्षी निवडणूक.

हे वाचून तुम्हाला काय आठवलं? आम्हाला पण तेच आठवलं. सभासद, पट्टी, ठराव, पॅनेल, निवडणूक. आम्ही सांगली जिल्ह्यातली माणसं, आमच्याकडं दूध, ऊस, पतसंस्था, पाणीपुरवठा सगळं सहकारी, फक्त आरमारच तेवढं सहकारी करायचं राहिलं होतं.

आम्ही पाच जण खेळलो. मी, दिवाणजी, एक मित्र जो कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारतो (त्याला इथं वल्हेवाला म्हणतो), दिवाणजीची बहीण जी फार्मसी शिकते, आणि पाचवे अण्णा. अण्णा म्हणजे दिवाणजीचे वडील. साखर कारखान्याच्या हिशोब खात्यातनं रिटायर, 71 वय. ते खरं तर खेळणार नव्हतेच. पहिल्या रविवारी आम्ही त्यांच्या गावभागातल्या घरी माडीवर पसारा मांडून बसलो होतो, ते शेजारी पेपर वाचत होते, आणि आम्ही पट्टीवरनं भांडत होतो. पेपर खाली न घेताच विचारलं, "संघाचं ऑडिट कोण करतं?"

नियमात ऑडिट नाही. अण्णा म्हणाले, "मग हा संघ दोन वर्षांत बुडणार." आणि खुर्ची ओढून बसले. त्या दिवसापासनं सहा रविवार बसले.

आता खेळ चालतो कसा ते. एक वर्ष म्हणजे 8 फेऱ्या. सहा फेऱ्या दर्या खुला, शेवटच्या दोन फेऱ्या बंद, म्हणजे पावसाळा. प्रत्येक फेरीत आधी व्यापार, मग पट्टी, मग सभा, मग आरमार हलवायचं. पट्टी म्हणजे कमाईच्या दहा नाण्यांमागं एक, आणि अपूर्णांक आला की वर ओढायचा. आरमाराचा खर्च फेरीला गुराबमागं (मोठं लढाऊ जहाज) 3 नाणी आणि गलबतामागं (छोटं, वल्ह्यांचं) 1. एवढंच. ऐकायला सोपं वाटतं ना?

तिसऱ्या फेरीचं पान माझ्यासमोर आहे, फोटो काढून ठेवलाय. आमच्या पाच जणांची कमाई 14, 9, 21, 12, 8. पट्टी झाली 2, 1, 3, 2, 1, म्हणजे 9. आरमारात तेव्हा 2 गुराब आणि 4 गलबतं, खर्च 10. एक नाणं कमी. फक्त एक. आणि त्या एका नाण्यावर आम्ही पाऊण तास बोललो. कारण ज्या जहाजाचा पगार चुकतो त्यावर "कुरकुर" नावाचं काळं टोकन बसतं, तीन कुरकुरी झाल्या की ते जहाज सरळ धुक्यात निघून जातं, म्हणजे लुटारूंना सामील. मग ज्याला 21 मिळाले त्यानं एक जास्त द्यावं का? त्याचं म्हणणं मी आधीच 3 दिलेत. ज्याला 8 मिळाले तो म्हणतो मी 8 वर 1 दिला म्हणजे आठवा हिस्सा गेला, तू 21 वर 3 दिलेस म्हणजे सातवा, फार काय मोठा दानशूर नाहीस. शेवटी वल्हेवाला म्हणला एक गलबत विकून टाकू. त्यावर दिवाणजी असा बघितला की जणू घरची म्हैस विकायला काढली.

हेच मला या खेळात सगळ्यात आवडलं. फँटसीतलं आरमार म्हणलं की ते आपोआप असतं, हुकूम दिला की शंभर जहाजं निघाली. खलाशी खातो काय, शीड फाटलं तर नवं कोण देणार, पावसाळ्यात काम नाही तेव्हा त्याला घरी कसं बसवायचं, हे कुणी विचारत नाही. इथं सगळा खेळच त्याच्यावर. तुमचं आरमार तुमच्या वहीएवढंच मोठं.

आणि आता ते दिवे. तुमचं जहाज बुडालं की त्यावरच्या खलाशांचे दिवे बंदराच्या धक्क्यावर लावायचे, नकाशावर त्यासाठी ओळ आखलीय. या जगात बुडालेला खलाशी संघाचा सभासद राहतो. कायमचा. आणि भरतीच्या रात्री सभा असेल तर दिवे मतदान करतात.

मयत सभासदांचं मतदान! माडीवर असे हसलो की खालनं काकू वर बघायला आल्या. फार्मसीवाली म्हणली, "यात फँटसी कुठं आहे?"

पण हसणं सोडा, नियम म्हणून हा लई डोक्यानं केलेला आहे. दिवे कुणाला मत देतात? ज्यानं त्यांच्या घरच्यांना भरपाई दिली त्याला. जहाज बुडालं की भरपाईचा तक्ता आहे, तांडेल गेला तर किती, खलाशी गेला तर किती, हात गेला, डोळा गेला, सगळं. ही भरपाई संघाच्या तिजोरीतनं देता येते किंवा कुणी एकजण स्वतःच्या खिशातनं देऊ शकतो. तिजोरीतनं दिली तर दिवे खजिनदाराकडं. खिशातनं दिली तर दिवे तुमचे. म्हणजे काय झालं, की विधवांना पैसे वाटून मतं गोळा करता येतात. दुसऱ्या वर्षाच्या निवडणुकीत अण्णांकडं 7 दिवे होते आणि आमच्या कुणाच्या लक्षात पण आलं नव्हतं. शांतपणे प्रत्येक वेळी दोन-दोन नाणी सरकवत होते. आम्हाला वाटलं म्हातारा माणूस, मन मोठं.

भरपाईचा तक्ता हे काही पोरांनी हवेतनं काढलेलं नाही बरं का. कॅरिबियन समुद्रातल्या 17 व्या शतकातल्या बुकेनियर लुटारूंमध्ये असा तक्ता खरंच ठरलेला असायचा, उजवा हात गेला तर 600 पीसेस ऑफ एट म्हणजे त्या वेळची चांदीची नाणी, डावा गेला तर 500, डोळा गेला तर 100. लूट वाटायच्या आधी ही भरपाई बाजूला काढायची. चोरांचा धंदा पण विमा पक्का.

खऱ्या जगात असला संघ होता का म्हणून विचाराल, तर अगदी खलाशांचा नाही पण व्यापाऱ्यांचा होता, उत्तर जर्मनीतला हान्सा. ल्युबेक वगैरे बंदरांतल्या व्यापाऱ्यांनी आणि शहरांनी एकत्र येऊन केलेला. त्यांच्याकडं कायमचं आरमार नव्हतं, भांडण लागलं की शहरं आपापली जहाजं द्यायची, आणि लढाईचा खर्च काढायला बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर कर बसवायचे, म्हणजे आपली पट्टीच. 1367 ला कोलोनमध्ये बैठक घेऊन एकी केली आणि डेन्मार्कच्या राजाशी लढले, आणि 1370 च्या श्ट्रालझुंडच्या तहात त्या राजाच्या राज्याकडनं व्यापाराच्या सवलती आणि वर काही किल्ले 15 वर्षांसाठी घेतले. व्यापाऱ्यांनी! आणि संपला कसा, तर युद्धात हरून वगैरे नाही, हळूहळू सभेला यायचे लोक कमी झाले, 1669 ला शेवटची सभा झाली आणि त्याला मोजकी शहरं हजर होती. हे मी अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "कोरम."

आता आरमाराबद्दल. इथं पोरांनी आपल्याकडचा अभ्यास केलाय हे दिसतं. आरमारात दोनच प्रकारची जहाजं, गुराब आणि गलबत, आणि दोन्ही अगदी वेगळी चालतात. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, मोठ्या तोफा नाळेवर म्हणजे पुढच्या टोकाला. त्यामुळं खेळात गुराब फक्त समोरच्या घरावर मारा करते, बाजूला नाही, वळवायला एक चाल जाते. गलबत छोटं, शीड आहे आणि वल्ही पण आहेत. आंग्र्यांच्या आरमारात असंच होतं, गुराब 150 ते 300 टनांच्या, गलबतं फार तर 70 टनांची, त्यावर 40-50 वल्ही. आणि वारा पडला की गलबतं गुराबांना दोर बांधून ओढत न्यायची. इंग्रजांची मोठी जहाजं वाऱ्याविना जागेवर डुलत उभी, आणि ही वल्ह्यांवर मागनं येऊन तोफा डागणार.

हा ओढायचा नियम खेळात जसाच्या तसा आहे. "वारा पडला" हे कार्ड निघालं की गुराबा थिजतात, शेजारच्या घरात गलबत असेल तरच हलतात. पहिल्यांदा आम्ही खर्च वाचवायला गलबतं कमी करून तिसरी गुराब बांधली, मोठं जहाज म्हणजे भारी असं वाटून. पुढच्याच फेरीत वारा पडला. तीन गुराबा नकाशाच्या मधोमध उभ्या, दोन गलबतं पार दक्षिणेला, आणि धुक्यातनं आलेले लुटारू आमच्यासमोरनं तांदळाचं जहाज घेऊन गेले. वल्हेवाला बोंबलत होता मी सांगत होतो म्हणून. तो सांगतच होता खरं. त्याला कृष्णेत उलट्या धारेला होडी काढायची सवय आहे, माणूस लागतो हे त्याला माहीत, आम्हाला फक्त लाकूड दिसत होतं.

परवान्याचा भाग पण असाच. संघाचा सभासद नसलेलं जहाज या पाण्यातनं जाणार असेल तर त्यानं संघाचा परवाना घ्यायचा, नाही घेतला तर आरमार त्याला धरू शकतं आणि मालाचं काय करायचं ते सभा ठरवते. कान्होजी आंग्र्यांचं दस्तक हेच होतं की. कोकणच्या पाण्यातनं जायचं तर आमचं दस्तक घ्या. इंग्रज म्हणायचे हा चाचा म्हणजे समुद्री लुटारू आहे, आणि स्वतः मात्र तसलेच पास दुसऱ्यांना विकायचे. 1718 ला खांदेरीवर चालून गेले, जमलं नाही, 1721 ला पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर गेले, तेही जमलं नाही. आणि मला मजा याची वाटते की हे आरमार ज्या गादीच्या नावानं चालायचं ती शाहू महाराजांची गादी साताऱ्याला. 1713-14 च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांनी कान्होजींना शाहूंच्या बाजूला आणलं आणि सरखेलपद म्हणजे आरमारप्रमुखाचं पद पक्कं झालं. म्हणजे कृष्णाकाठाच्या लोकांनी दर्याचा कारभार बघायची ही काही पहिली वेळ नाही, उगाच आम्हाला हसू नका.

खेळात एक कार्ड आहे, "चाचे कोण?" ते निघालं की दुसऱ्या किनाऱ्यावरचा राजा तक्रार पाठवतो की तुमचा संघ म्हणजे लुटारूंची टोळी आहे, आणि तुम्हाला सभेत उत्तर लिहून द्यावं लागतं. लिहून! वहीत! अण्णांनी लिहिलेलं उत्तर असं सुरू होतं, "आपले पत्र पावले, मजकूर समजला. आमच्या पावत्या तपासून पाहाव्यात." राजाला पाठवलेलं पत्र आहे हे.

आणि आग. हे सांगायलाच पाहिजे कारण आमचं पहिलं आरमार असंच गेलं. बंद हंगामात जहाजं बंदरात ठेवायची, तेव्हा खलाशांना अर्धा पगार. पण सगळी जहाजं एकाच घरात एकमेकांना बांधून ठेवली तर पहारेकरी कमी लागतात आणि खर्च आणखी निम्मा होतो. आम्ही काय करणार, बांधली. सहाच्या सहा. दुसऱ्या बंद फेरीत "आग" निघालं. एक जहाज पेटतं, मग बांधलेल्या प्रत्येक जहाजासाठी फासा, 4 किंवा वर आला की तेही गेलं. 5, 4, 6, 2, 4. सहातलं एक गलबत उरलं. दिवाणजीनं वही मिटून ठेवली आणि गच्चीवर गेला.

मी तेव्हा सगळ्यांना विजयदुर्गाची गोष्ट सांगितली, कारण नियम करणाऱ्यांच्या डोक्यात तेच असणार. फेब्रुवारी 1756, कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे, त्याचं आरमार विजयदुर्गाच्या खाडीत एकत्र नांगरलेलं, समोर इंग्रजांचं आरमार, जमिनीवरनं पेशव्यांचं सैन्य, म्हणजे आपलेच आपल्यावर. इंग्रजांचा एक पेटता गोळा एका जहाजावर पडला, आणि तिथनं आग पसरत सगळं आरमार जळालं. ते पहिलं जहाज तुळाजीनं पूर्वी इंग्रजांकडनंच जिंकून आणलेलं होतं. अण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "निम्मा खर्च वाचवला."

आता तक्रारी, आणि त्या आहेत.

एक म्हणजे लढाई. आरमार पोसायचा भाग जेवढा बारीक विचार करून केलाय तेवढीच लढाई कंटाळवाणी. 12 फासे टाका, मोजा, परत टाका, परत मोजा. पाचव्या रविवारी एक लढाई दोन तास चालली आणि शेवटी काय तर दोन्ही बाजूंची दोन-दोन जहाजं गेली. आम्ही शेवटी घरचा नियम केला, फासे 12 ऐवजी 4. काही बिघडलं नाही.

दुसरं म्हणजे तो दर्यासर्प. तिसऱ्या वर्षी समुद्रातनं एक मोठा साप निघतो आणि जहाजं गिळत सुटतो. का? कुणास ठाऊक. गोष्टीशी त्याचा संबंध नाही, सभेशी नाही, वहीशी नाही. वाटतं की पोरांना कुणीतरी सांगितलं असणार फँटसी आहे तर एखादा राक्षस पाहिजे. अरे बाबांनो, मेलेले खलाशी मतदान करतायत, याहून काय पाहिजे? आम्ही ती कार्डं काढून टाकली, रबर लावून खोक्याच्या तळाला.

नियमांच्या पुस्तकाचं मराठी चांगलं आहे, वाचताना अडखळत नाही, पण तपासलेलं नाही. पान 23 वर म्हणतं समान मतं पडली तर अध्यक्षाचं मत निर्णायक, पान 31 वर म्हणतं ठराव फेटाळला समजा. यावरनं आमच्याकडं जे झालं ते इथं लिहीत नाही, बहीण-भाऊ अजून बोलतायत एवढं पुरे. निळी आणि हिरवी जहाजं ट्यूबलाइटखाली एकसारखी दिसतात. नाणी हाताला चांगली लागतात पण तिसऱ्या आठवड्यात रंग बोटाला यायला लागला, भडंग खाऊन खेळलो तर चूक आमची पण असेल.

आणि ते 48 वं जहाज. आरमाराचं एक गलबत कमी निघालं. मेसेज केला, 11 दिवसांनी उत्तर आलं "पाठवतो दादा", त्याला आता महिना झाला. पोरं उद्धट नाहीत, फोन केला की गोड बोलतात, फक्त पाठवत नाहीत. 2,150 रुपये घेतल्यावर एक लाकडाचा तुकडा द्यायला एवढा उशीर? आम्ही हरिपूर रस्त्यावरच्या चिंचेखालचा एक चिंचोका आणून ठेवला त्या जागी. चिंचोक्यानं दोन लढाया मारल्या. आता कुणी त्याला बदलू देणार नाही ही गोष्ट वेगळी.

चौथ्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. सभेच्या गठ्ठ्यातनं एक कार्ड निघालं. पूर्वेच्या एका बेटावर पाणी चढतंय, माणसं छपरावर आहेत, बेट संघाचं सभासद नाही, कधी पट्टी भरलेली नाही. आरमार पाठवायचं का? पाठवलं तर दोन फेऱ्या आपली जहाजं राखणारं कुणी नाही आणि 8 नाणी खर्च. तिजोरीत 9 होती.

दिवाणजी लगेच म्हणला नाही. वर्षभर एक पैसा दिला नाही आणि आता आरमार पाहिजे. हिशोबानं बरोबरच होतं त्याचं. मी पण नाहीच म्हणणार होतो. फार्मसीवाली हो म्हणली, वल्हेवाला गप्प. मग सगळे अण्णांकडं बघायला लागलो, कारण गेले तीन रविवार या माणसानं एक नाणं नियमाबाहेर जाऊ दिलं नव्हतं, थकबाकीदाराला सभेत बोलू पण दिलं नव्हतं.

2019 च्या महापुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. अण्णांच्या घरात खालचा मजला सगळा पाण्यात, अण्णा आणि काकू याच माडीवर दोन दिवस. तिसऱ्या दिवशी एक होडी गॅलरीला लागली. कुणाची होती, कुठली पोरं होती, अजून माहीत नाही, काकूंनी नाव विचारलं तर ते म्हणले काकू आधी पाय टाका. एवढीच गोष्ट, ती आम्हाला आधीपासनं माहीत होती, त्या दिवशी अण्णांनी ती सांगितली पण नाही. फक्त दोन गुराबा आणि तीन गलबतं उचलून त्या बेटाशेजारी नेऊन ठेवली, आणि मुलाला म्हणाले, "लिही. 8. किरकोळ खर्च."

दिवाणजी म्हणला, "आठ नाणी किरकोळ कशी, अण्णा? ऑडिटला काय दाखवायचं?"

"ऑडिटर मीच हाय," अण्णा म्हणाले.

वल्हेवाला उठून खाली चहाचं बघायला गेला. पुढच्या फेरीत लुटारू आले आणि माझी दोन जहाजं गेली, मिरीनं भरलेली. भरपाई अण्णांनी खिशातनं दिली. म्हणजे दिवे परत त्यांचेच. आता हे मन होतं का राजकारण होतं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही, आणि खेळ पण ते कुठं विचारत नाही, नुसते दिवे मोजतो.

मार्क द्यायचे तर मी 10 पैकी साडेसात देईन. वही, दिवे, गलबतं ओढायचा नियम आणि बंद हंगाम यासाठी पैसे वसूल. बंद हंगाम उघडताना एक नारळाचं टोकन आहे, ज्याच्याकडं ते त्याचं जहाज पहिलं बाहेर, नारळी पौर्णिमेसारखं, तेही गोड आहे. लढाईला 3 मार्क पण जास्त होतात. तीन जणांत खेळू नका, सभेत दोघं एका बाजूला गेले की तिसऱ्याला कामच उरत नाही. पाच जण उत्तम. वेळ खोक्यावर 90 मिनिटं लिहिलाय, त्यावर विश्वास ठेवू नका, दुपारचं जेवण करून बसा आणि संध्याकाळचं काही ठरवू नका. दहा-बारा वर्षांची मुलं असतील तर पट्टीचा भाग त्यांना जमतो, भरपाईचा तक्ता मात्र तुम्ही मोठ्यांनी सांभाळा, नाहीतर किती डोळ्यांचं एक बोट असले हिशोब ऐकावे लागतात.

आणखी एक, वहीची पानं 60 आहेत, आमची 41 संपली. नवी वही पोरं वेगळी विकत नाहीत. अण्णांनी गणपती पेठेतनं तसलीच लाल वही आणून हातानं रकाने आखलेत, पहिल्या पानावर श्री घातलाय, आणि काल फोन करून विचारत होते की रविवारच्या सभेची नोटीस अजून का निघाली नाही.